कातिबाची पाठ आणि हकीमाचा प्रश्न

अब्बा मुंबईत एका उर्दू दैनिकात कातिब होते. कातिब म्हणजे हाताने मजकूर लिहिणारा माणूस. कॉम्प्युटर येण्यापूर्वी उर्दू पेपर टाइपाचे खिळे जुळवून छापले जात नसत. नस्तालीक लिपीची वळणं खिळ्यांत नीट बसत नाहीत. त्यामुळे रोजचा अख्खा पेपर, अग्रलेखापासून ते हरवले-सापडलेपर्यंत, चार-सहा माणसं बसून हाताने लिहायची.

दुपारी ते भिवंडीहून एसटीने ठाण्याला जायचे, तिथून लोकलने भायखळ्याला. परत यायला कधी कधी फज्रची अजान व्हायची. मी लहानपणी दोन-तीनदा त्यांच्यासोबत गेलोय. डोळ्यांसमोर अजून तेच चित्र आहे. जमिनीवर सतरंजी, डावा पाय दुमडलेला, उजवा गुडघा उभा, गुडघ्याला टेकवलेली लाकडी फळी, फळीवर बटर पेपर, बोटांत क़लम आणि हनुवटी जवळजवळ छातीला टेकलेली. तासन् तास. शेजारचा चहा गार व्हायचा, पण मान वर व्हायची नाही.

घरी आले की पालथे पडायचे. "दोन्ही खवाट्यांच्या मधे, जरा डावीकडे," असं सांगून माझ्या टाचेने पाठ दाबून घ्यायचे. अम्मी मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेक द्यायची. तक्रार मात्र नसायची. हसून म्हणायचे, "बेटा, ये क़लम की ज़कात है."

बरीच वर्षं मलाही ते वाक्य सुंदर वाटायचं. आता वाटत नाही. दुखण्याला आपण सुंदर नाव दिलं की त्याचं कारण शोधायचं राहून जातं, असा अनुभव आमच्याच घरात पुढे आला. तो सांगण्याआधी या दुखण्याचा थोडा इतिहास बघू. तो आपल्या पूर्वजांच्या पुस्तकांतही आहे आणि पाठींतही.

बगदादचे वर्राक

इसवी सनाच्या आठव्या शतकाच्या अखेरीस, खलिफा हारून रशीदच्या काळात, बगदादमध्ये कागद तयार होऊ लागला. चामड्याच्या आणि पपायरसच्या तुलनेत कागद स्वस्त. बघता बघता शहरात पुस्तकांचा बाजार उभा राहिला, त्याचं नाव 'सूक अल-वर्राकीन'. वर्राक म्हणजे कागद विकणारा, पुस्तकाची नक्कल करणारा, बांधणी करणारा आणि विकणाराही. नवव्या शतकातला इतिहासकार याकूबी अशी शंभरावर दुकानं असल्याचं नोंदवतो. जाहिझसारखा मोठा लेखक ही दुकानं रात्रीपुरती भाड्याने घेऊन आत बसून वाचत असे, अशी आठवण सांगितली जाते.

ज्याला आपण इस्लामी संस्कृतीचं सुवर्णयुग म्हणतो, ते या नक्कल करणाऱ्या लोकांच्या पाठीवर उभं होतं. हुनैन इब्न इसहाकने (८०९–८७३) गॅलेनचं वैद्यक सिरियाक आणि अरबीत आणलं. त्याचं नाव आपल्याला माहीत आहे. पण त्या भाषांतराच्या प्रती काढणाऱ्या बहुतेकांची नावं कुठेच नाहीत.

एक नाव मात्र सापडतं. याह्या इब्न अदी (८९३–९७४) हा बगदादचा ख्रिस्ती तत्त्वज्ञ, तर्कशास्त्रातला त्या काळचा मोठा अधिकारी. पोटासाठी तो नकला करायचा. तबरीच्या कुरआन-भाष्याच्या दोन संपूर्ण प्रती त्याने स्वतःच्या हाताने लिहिल्या. इब्न नदीम, जो स्वतः वर्राक होता आणि ज्याने ९८७ साली 'अल-फिहरिस्त' ही ग्रंथांची प्रचंड सूची तयार केली, तो सांगतो की याह्याच्या या अति लिखाणाबद्दल त्याने त्याला एकदा टोकलं होतं. त्यावर याह्याने दिवसरात्रीत शंभर पानांपर्यंत लिहीत असल्याचं सांगितलं.

शंभर पानं! हे वाचताना लोक त्याच्या विद्वत्तेला दाद देतात. मला अब्बांची फळी आठवते. शंभर पानं लिहिणारा माणूस रात्री उठताना कसा उठत असेल?

इब्न सीनाने आधी काय लिहिलं

त्याच परंपरेतून अबू अली इब्न सीना आला (९८०–१०३७). बुखाऱ्याजवळ जन्मलेला, आयुष्यभर या दरबारातून त्या दरबारात फिरलेला. त्याच्या 'अल-कानून फित्तिब'चे पाच भाग आहेत. बाराव्या शतकात तोलेदो शहरात जेरार्ड ऑफ क्रेमोनाने त्याचं लॅटिन भाषांतर केलं आणि पुढची कित्येक शतकं युरोपच्या विद्यापीठांत ते शिकवलं गेलं. १५९३ मध्ये रोममध्ये त्याची अरबी आवृत्तीही छापली गेली.

युनानी वैद्यकात पाठदुखीला 'वजउज़्ज़हर' म्हणतात. कानूनच्या तिसऱ्या भागात, डोक्यापासून पायापर्यंतचे आजार सांगताना, ती येते. इब्न सीना तिथे एकच एक कारण सांगत नाही. थंड प्रकृती, साचलेला कफ, अति श्रम, मूत्रपिंडाचा विकार अशी वेगवेगळी कारणं मांडतो. यातला कफ-प्रकृतीचा भाग आजच्या विज्ञानात टिकत नाही, हे मान्यच करायला हवं. पण 'पाठ दुखते' हे आजाराचं नाव नसून ती एक खूण आहे, ही समज टिकते. मूत्रपिंडाचं दुखणं पाठीत जाणवतं, हे तर आजचा डॉक्टरही सांगेल.

त्याहून मोलाची गोष्ट पहिल्या भागात आहे. निरोगी माणसाने निरोगी कसं राहावं, हे सांगताना इब्न सीना तीन गोष्टी क्रमाने लावतो: आधी व्यायाम, मग आहार, मग झोप. औषध या क्रमात नाही. व्यायामाची त्याची व्याख्याही साधी आहे. माणसाने स्वतःच्या इच्छेने केलेली अशी हालचाल, ज्यामुळे श्वास मोठा आणि भराभर चालू लागतो. त्याचा शब्द 'रियाज़त'. आपल्याकडचा गवयाचा रियाज त्याच धातूतून आलेला. रोज, नेमाने, थोडं थोडं करायची गोष्ट.

तो आणखी पुढे जातो. प्रत्येक अवयवाची स्वतःची वेगळी रियाज़त असते, असं लिहितो. मालिशीचेही प्रकार करतो: जोरकस, हलकी, दीर्घकाळ चालणारी, खरबरीत कापडाने केलेली, व्यायामाआधीची वेगळी आणि नंतरची वेगळी. थकव्याचे प्रकार सांगताना अंग ताणून धरल्यासारखं वाटणारा एक थकवा वर्णन करतो. दिवसभर वाकून काम केलेल्या कुणालाही तो ओळखता येईल.

युनानी हकीम आरोग्याची सहा अटळ कारणं मानतात, 'अस्बाब-ए-सित्ता ज़रूरिया'. हवा, खाणंपिणं, शरीराची हालचाल व विश्रांती, मनाची हालचाल व विश्रांती, झोप व जाग, आणि शरीरातून काय बाहेर पडतं व काय आत राहतं. यात हालचाल आणि विश्रांती ही जोडी आहे. दोन्ही एकत्र. नुसती विश्रांती कुठेच नाही.

हिजामाचा कप आणि त्याची अट

आता हिजामाबद्दल. गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या मोहल्ल्यांत हिजामाची सेंटरं झपाट्याने वाढली. खवाट्यांच्या मधल्या जागेला अरबीत 'काहिल' म्हणतात. प्रेषितांनी (स.) तिथे आणि मानेच्या दोन्ही बाजूंना हिजामा करून घेतल्याचं हदीसमध्ये आलं आहे. इब्न सीनाही काहिलवरची हिजामा खांद्याच्या दुखण्यात उपयोगी असल्याचं लिहितो. म्हणजे परंपरा आहे, ती कुणी नाकारू नये.

पण त्याच पानांवर इब्न सीनाने अटीही घातल्या आहेत. काहिलवरच्या हिजामाने जठराचं तोंड अशक्त होतं, असं तो बजावतो. साठी उलटलेल्याची हिजामा अजिबात करू नये, असंही सांगतो. सेंटरच्या बोर्डावर पहिला भाग असतो, दुसरा नसतो.

इब्न खलदूनने चौदाव्या शतकात 'मुकद्दिमा'त याबद्दल स्पष्ट लिहून ठेवलं आहे. प्रेषित शरीअत शिकवायला आले होते, वैद्यकी शिकवायला नाही. हदीसमधले वैद्यकीय उल्लेख हे अरबांच्या तेव्हाच्या रूढ उपचारांचे आहेत, असं त्याचं मत. हे मत सगळ्यांना पटेल असं नाही, पटलंच पाहिजे असंही नाही. पण आपल्याच परंपरेत हा आवाज सहाशे वर्षांपासून आहे, हे माहीत असावं. आणि इलाज करा, प्रत्येक आजारावर उतारा ठेवलेला आहे, ही शिकवणही हदीसचीच. उतारा शोधायचा तर आधी आजार ओळखावा लागतो.

आजचे अभ्यास म्हणतात की कपिंगमुळे मान-पाठीच्या स्नायूंच्या दुखण्यात काही जणांना थोड्या काळापुरता आराम पडतो. पण पुरावा फारसा भक्कम नाही. आणि एकाचं ब्लेड दुसऱ्याला वापरलं तर कावीळ किंवा एचआयव्हीचा धोका खरा आहे.

ज़हरावीचं लोखंड

इब्न सीनाच्याच काळात, पार दुसऱ्या टोकाला, स्पेनमध्ये कोर्दोबाजवळ अबुल कासिम अल-ज़हरावी (मृत्यू सुमारे १०१३) लिहीत होता. त्याचा 'अत-तसरीफ' तीस भागांचा. शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा आणि त्यात अवजारांची चित्रं. त्यात डाग देण्याचं, म्हणजे तापलेल्या लोखंडाने चटका देण्याचं एक मोठं प्रकरण आहे. आपल्याकडेही खेड्यापाड्यांत डाग देणारे होते, अजूनही कुठे कुठे आहेत.

पाठदुखीवर डाग द्यावा का? ज़हरावी आधी कारणं सांगतो: पडल्याने, मार लागल्याने, शरीरातून अति स्राव गेल्याने, किंवा थंड, ओलसर द्रव्य साचल्याने पाठ दुखू शकते. आणि मग म्हणतो, डाग फक्त या शेवटच्या प्रकारात द्यायचा. बाकीच्यांत नाही.

त्याचं शास्त्र आज आपण मानत नाही, डाग तर मुळीच देऊ नये. पण हातात लोखंड तापलेलं असताना हा माणूस थांबून विचारतो की हे दुखणं कशाने आलं? मणका सरकलेल्या माणसाला फळीवर पालथं झोपवून, दोरांनी दोन्हीकडून ताण देऊन तळव्याने मणका दाबायची पद्धतही तो देतो. ती ग्रीकांपासून चालत आलेली. पुढे १४६५ मध्ये अमास्याच्या शरफुद्दीन साबुनजूओग्लूने ज़हरावीच्या आधारावर तुर्कीत सचित्र शस्त्रक्रियाग्रंथ लिहिला, त्यात अशा उपचारांची रंगीत चित्रं आहेत. आज मोबाइलवर मान मोडून 'कटकन' आवाज काढणारे व्हिडिओ लाखो लोक बघतात. ते त्या चित्रांचेच दूरचे नातलग. फरक एवढाच की ज़हरावी प्रत्येक उपचारासोबत तो कुणाला करू नये हेही लिहितो.

रामाझिनीचा एक जादा प्रश्न

या कथेत एक इटालियन डॉक्टर आणल्याशिवाय ती पूर्ण होत नाही. बर्नार्दिनो रामाझिनी (१६३३–१७१४). मोदेना शहरात त्याच्या घराचा मैलाखड्डा उपसायला एक मजूर आला होता. तो इतक्या घाईने काम करत होता की रामाझिनीने त्याला कारण विचारलं. मजुराने डोळ्यांच्या त्रासाबद्दल सांगितलं. त्या एका संभाषणातून पुढे एक पुस्तक उभं राहिलं. १७०० साली छापलेलं, कामगारांच्या आजारांवरचं. १७१३ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती आली.

त्यात विणकरांबद्दल आहे आणि लेखनिकांबद्दलही. लेखनिकांच्या त्रासाची तो तीन कारणं देतो: सतत बसून राहणं, हाताची सतत तीच ती हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर येणारा ताण. अब्बांचं अख्खं आयुष्य या तीन कारणांत आलं. रात्री एक वाजता अग्रलेखात एक नुक्ता चुकला तरी सकाळी फोन यायचे.

रोग्याला काय काय विचारावं, याची यादी हिप्पोक्रेटिसच्या काळापासून होती. रामाझिनीने तीत एका प्रश्नाची भर घातली: तू काम काय करतोस?

भिवंडीचा माग

माझे नाना विणकर होते. त्यांचे पूर्वज उत्तर प्रदेशातून आलेले. १८५७ नंतर अलाहाबाद, आझमगढ, मऊ, बनारस या भागांतून मोमीन-अन्सारी विणकर दक्षिणेकडे सरकले आणि मालेगाव, भिवंडीसारख्या गावांत वसले, हा इतिहास तुमच्यापैकी अनेकांच्या घरात तोंडी असेल. नानांचा खड्डामाग मी पाहिलेला नाही, फक्त त्याची जागा पाहिली. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय, काठावर बैठक, आणि धोटा फेकायला, फणी ओढायला दिवसभर पुढे झुकणं.

मग यंत्रमाग आले. आता बसायचं नाही, बारा-बारा तास उभं राहायचं. एक माणूस अनेक माग बघतो. तुटलेला धागा जोडायला वाकतो, कांडी बदलायला वाकतो, पुन्हा सरळ होतो. अंग बदललं, वाकणं तेच राहिलं. घरात बायका कांड्या भरतात, कपड्यांचे धागे कापतात, शिलाई करतात. त्याही मान खाली घालूनच.

माझे चाचा यंत्रमागावर होते. आठ-नऊ वर्षांपूर्वी त्यांची पाठ वरच्या बाजूला दुखू लागली. वय त्रेसष्ट. कुणालाच नवल वाटलं नाही. मागावरच्या माणसाची पाठ दुखतेच. बाम लावला, पट्टी लावली. मग एका ठिकाणी हिजामा झाली, एकदा नव्हे, चारदा. मग हाडं बसवणाऱ्याकडे नेलं. संध्याकाळी अंग कोमट लागायचं, त्याला थकवा म्हटलं. पॅन्ट सैल झाली, त्याला वय म्हटलं. रात्री दुखण्याने जाग यायची, तर गादी बदलली.

सात महिन्यांनी एका सकाळी ते वजूला उठले आणि पाय उचलेना.

एमआरआयमध्ये पाठीच्या दोन मणक्यांत टीबी निघाला. पू साचून मज्जारज्जूवर दाब आला होता. ऑपरेशन झालं, दीड वर्ष औषधं चालली. आज चाचा काठी घेऊन चालतात. मशिदीत खुर्चीवर बसून नमाज पढतात.

यात मी हिजामावाल्याला दोषी धरत नाही. त्याआधी दोन डॉक्टरांनीही नुसत्या वेदनाशामक गोळ्या दिल्या होत्या. मी, शिकलेला पुतण्या, दर ईदला घरी जात होतो आणि 'अब कैसा है दर्द?' एवढंच विचारत होतो. ताप येतो का, हे मीही विचारलं नाही.

मणक्याचा टीबी हा फार जुना आजार. १९१० साली इजिप्तच्या एका पुजाऱ्याच्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या ममीत मणका खचल्याच्या आणि पू साचल्याच्या खुणा सापडल्या. १७७९ मध्ये लंडनच्या पर्सिवल पॉटने पाठीला आलेलं कुबड आणि पाय लुळे पडणं यांचा संबंध दाखवला, म्हणून त्याला पॉटचा आजार म्हणतात. १८८२ मध्ये रॉबर्ट कोखने जंतू शोधला. पूर्वी रोग्याला महिनोन् महिने प्लास्टरमध्ये पाडून ठेवत. १९६० च्या दशकात कोरियात झालेल्या अभ्यासांनी दाखवलं की योग्य औषधं चालू असतील तर बहुतेकांना अंथरुणावर पाडून ठेवण्याने काही जास्त फायदा होत नाही. म्हणजे हा आजार बरा होतो. टीबीची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. वेळेवर ओळखला तर पाय वाचतात.

दुखणं कोणतं ते ओळखू

आता आजचं शास्त्र काय सांगतं ते थोडक्यात.

पाठीच्या वरच्या भागात बारा मणके असतात आणि ते बरगड्यांना जोडलेले असतात. त्यामुळे हा भाग कमरेपेक्षा मजबूत आणि कमी हलणारा. इथली चकती सरकणं तुलनेने दुर्मीळ. बहुतेक दुखणं स्नायूंचं असतं: मानेपासून खवाट्यांपर्यंत पसरलेले आणि खवाट्यांना मणक्याशी बांधून ठेवणारे स्नायू. मान पुढे झुकली की चार-पाच किलोचं डोकं हे स्नायू मागून धरून ठेवतात. कातिबाची फळी, शिलाई मशीन, लॅपटॉप, मोबाइल, सगळीकडे तेच घडतं.

'ताठ बस' हा सल्ला आपण सगळ्यांनी ऐकला आहे. पण ताठ बसूनही तासन् तास हललं नाही तर पाठ दुखतेच. एकच एक अचूक बैठक अशी काही नाही, बदलत राहणं महत्त्वाचं. अर्ध्या-पाऊण तासाने उठावं, चार पावलं चालावं. स्क्रीन डोळ्यांच्या पातळीला आणावी, मोबाइल छातीपर्यंत उचलावा, कोपरांना आधार असावा. शिलाई करणाऱ्या बहिणींनी स्टूल आणि मशीनची उंची जुळवून घ्यावी. मागावर कांड्यांची टोपली जमिनीवर न ठेवता कमरेइतक्या उंचीवर ठेवली तरी दिवसाची शेकडो वाकणी वाचतात. हे कारखानदाराला फार खर्चाचं नाही, फक्त कुणीतरी सांगायला हवं.

रियाज़तही साधी आहे. खवाटे मागे एकमेकांकडे ओढून पाच सेकंद धरायचे, सोडायचे, असं दहा वेळा. दाराच्या चौकटीला दोन्ही हात टेकवून छाती पुढे ताणायची. खुर्चीच्या पाठीवर हलकेच मागे वाकायचं. आणि रोज चालायचं, श्वास जरा मोठा होईल इतकं. इब्न सीनाची व्याख्या इथेही लागू पडते.

काही मित्र म्हणतात, नमाज हाच व्यायाम. नमाज इबादत आहे, तिला फिजिओथेरपी करायची गरज नाही. पण कामाच्या मधे उठणं, चालत जाणं, हात-पाय हलवणं हे पाठीला नक्कीच बरं. आणि ज्याला सजदा करणं जमत नाही त्याला बसून, तेही नाही तर कुशीवर पडून नमाज पढायची मुभा हदीसमध्ये स्पष्ट आहे. दुखणं लपवून सजदा करत राहणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना हे सांगावं लागतं.

नवीन दुखणं असेल तर शेक द्यावा, डॉक्टरांना विचारून थोडे दिवस साधी वेदनाशामक गोळी घ्यावी, पण अंथरूण धरू नये. बहुतेकांचं काही आठवड्यांत कमी होतं.

पण पुढच्या खुणा दिसल्या तर बाम, कप, मालिश सगळं बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा:

– पाठीसोबत छातीत दाब, घाम, धाप, किंवा हातात-जबड्यात कळ. हा हृदयाचा झटका असू शकतो. लगेच १०८ ला फोन.
– संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं, झोपेतून उठवणारं दुखणं.
– पाय जड पडणं, मुंग्या, बधिरपणा, लघवी-संडासवरचा ताबा जाणं. यात एक दिवसही थांबू नये.
– पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं. वयस्क बायकांत तर किरकोळ धक्क्यानेही मणका दबतो.
– पूर्वी कॅन्सर झालेला असणं, किंवा महिनाभर कशानेच न हटणारं दुखणं.

मणक्याच्या टीबीत खोकला असेलच असं नाही. थुंकीची तपासणी स्वच्छ येऊ शकते, सुरुवातीचा एक्स-रेही साधा दिसू शकतो. म्हणून 'एक्स-रे नॉर्मल आहे' यावर विसंबू नये, खुणा सांगून पुढची तपासणी मागावी.

राहून गेलेला प्रश्न

बगदाद, बुखारा, कोर्दोबा ही नावं घेताना आपली छाती फुलते. मीही त्यातलाच. पण त्या हकीमांकडून आपण कप घेतला, डाग घेतला, मालिश घेतली. दुखणं कशाने आलं, हे आधी विचारायची त्यांची सवय मात्र घेतली नाही. ती सवय रामाझिनीसारख्या माणसांनी पुढे नेली. आमच्या घरात ती सात महिने कुणालाच आठवली नाही.

१९९० च्या दशकात इनपेज आलं आणि उर्दू पेपरांची किताबत कॉम्प्युटरवर गेली. अब्बांची फळी माळ्यावर गेली. काही दिवस ते टायपिंग शिकले, मग सोडून दिलं. माझा मुलगा आता पुण्यात आयटीत आहे. मागच्या महिन्यात घरी आला तेव्हा मानेला हात लावत म्हणाला, "अब्बू, जरा इथे दाबा ना, दोन्ही खवाट्यांच्या मधे."

दाबून दिलं. पण त्याआधी त्याला विचारलं, किती तास बसतोस, मधे उठतोस का, रात्री जाग येते का, ताप येतो का, वजन कमी झालंय का? तो हसला, म्हणाला, "अब्बू, तुम्ही कधीपासून हकीम झालात?"

तुमच्याही घरात कुणाची तरी पाठ आज दुखत असेल. शेक द्याच, पण त्याला हे पाच प्रश्न विचारा.